एबरलीच्या फलकावरची शेवटची ओळ

ओढा ओलांडेपर्यंत बोलायचं नाही, हा दरवर्षीच्या या वाटचालीचा नियम. त्यामुळे लुएलाबाईंच्या घराण्याच्या जुन्या शेतघरापासून ओढ्यापर्यंत त्या आणि मी मुकाट चालत आलो होतो. मी मनात रामरक्षा म्हणत होते. ती बाहेर ऐकू जात नाही, म्हणून नियमात बसते असं मी आपलं धरून चालते. डोंगरावर हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता. मधूनच कुठेतरी बंदुकीचा बार व्हायचा आणि दर वेळी लुएलाबाई जागच्या जागी थिजायच्या. दोघींच्याही अंगात भडक केशरी बंड्या, डोक्यावर केशरी टोप्या. या दिवसांत रानात पाऊल टाकणारा प्रत्येक जण तेच घालतो, कारण झाडीत काही हललं की हरीण समजून गोळी घालणारे कमी नाहीत.

ओढ्यात पाय ठेवायला दगड मांडलेले आहेत. मी आधी पलीकडे गेले आणि हात पुढे केला. लुएलाबाईंनी ऐंशी ओलांडलीय. तरी दरवर्षी त्या माझा हात झिडकारतात आणि म्हणतात, "मी म्हातारी झाले की सांगेन." या वेळी त्यांनी हात धरला, आणि पलीकडे आल्यावरही सोडला नाही.

"बस जरा," त्या म्हणाल्या.

ओढ्याकाठी एक सपाट दगड आहे. तिथे आम्ही दरवर्षी पाव आणि सफरचंदाचा घट्ट काळा मुरंबा खातो. त्यांनी पिशवी उघडली, पाव बाहेर काढला, परत आत ठेवला.

"कुमू, अपोलोनियाला इंडियनांनी नाही मारलं."

इंडियन म्हणजे इथले मूळ रहिवासी, आम्ही भारतातले नव्हे. अपोलोनिया फेन्स्टरमाकर हे नाव आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते रस्त्याकडेच्या फलकावर आहे. एबरलीचा किल्ला तिथे होता. किल्ला म्हणजे एबरली नावाच्या शेतकऱ्याचं लाकडी घर आणि भोवती उभ्या ओंडक्यांचं कुंपण. बुरूज नाही, खंदक नाही. आता तेवढंही नाही, नुसता मका असतो, आणि कडेला लोखंडी खांबावर निळा फलक, त्यावर पिवळी उठावदार अक्षरं. हा किल्ला इंग्रजी अमलात, सतराशे पंचावन्न साली, सरहद्दीवरच्या वसाहतकऱ्यांनी स्वसंरक्षणासाठी बांधला, असं त्यावर लिहिलंय. आणि शेवटची ओळ अशी की त्याच वर्षी नोव्हेंबरात आठ वर्षांच्या अपोलोनिया फेन्स्टरमाकरला रानटी लोकांनी याच्या दाराशी ठार केलं.

गेल्या हिवाळ्यात बर्फ लोटणारा ट्रक त्या खांबावर चढला. खांब वाकला, फलकाचे दोन तुकडे झाले. गावाने नवा ओतून घेतला, आणि आज दुपारी चर्चमधलं जेवण झाल्यावर त्याचं अनावरण होतं. फेन्स्टरमाकरांमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या म्हणून कापड ओढायचा मान लुएलाबाईंचा. शिवाय या वर्षी पहिल्यांदाच पाहुण्या यायच्या होत्या. हा सगळा मुलूख ज्यांचा होता त्या लेनापे लोकांच्या वतीने ओक्लाहोमाहून एक बाई, रोबर्टा लाँगबोन, एवढ्या लांबून एकट्याच येऊन आदल्या दिवशी गावात उतरल्या होत्या.

"मग कुणी मारलं?" मी विचारलं.

"भावाने. योस्टने. आम्ही सगळे ज्याच्या वंशातले, त्या योस्टने."

मग त्यांनी मला सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या, ओढ्याकडे बघत होत्या. त्या साली हिवाळ्याच्या तोंडाला डोंगरापलीकडून हल्ले चालू होते, ते खोटं नाही. शेजारच्या खोऱ्यात माणसं मेली होती. एका संध्याकाळी निरोप आला आणि फेन्स्टरमाकरांचं घर रिकामं झालं. सगळे याच वाटेने किल्ल्याकडे निघाले. आईने पोरांना बजावलं की वाटेवर तोंडातून शब्द काढायचा नाही, काही झालं तरी. धुकं पडलं होतं. किल्ल्यात शिरल्यावर डोकी मोजली तर अपोलोनिया नाही. बाप परत जायला निघाला, बाकीच्यांनी दार उघडू दिलं नाही. पहाटे कुंपणावर योस्ट पहाऱ्याला होता, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. धुक्यात काहीतरी हललं. त्याने ओरडून विचारलं, कोण आहे? उत्तर आलं नाही.

लुएलाबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

"बोलू नकोस म्हणून आईने सांगितलं होतं ना," त्या म्हणाल्या. "पोर ऐकणारी होती."

डोंगरावर पुन्हा एक बार झाला. त्यांनी डोळे मिटले.

"सकाळी आतल्या लोकांनी ठरवलं, इंडियनांनी मारलं. योस्टला कुणी काही विचारलं नाही. आणि मग दोन-तीन दिवसांनी पुरुषमाणसं बंदुका घेऊन खिंडीपलीकडे गेली. तिथे झऱ्यापाशी दोन झोपड्या होत्या. टोपल्या विणून विकायला यायची ती माणसं, आमच्या घरीसुद्धा यायची. त्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता. झोपड्या जाळल्या."

"आत माणसं होती?"

"होती."

"किती?"

"मीही आजीला हेच विचारलं होतं. याच दगडावर. ती म्हणाली, ते कुणी मोजलंच नाही."

त्यांच्या आजीला तिच्या आत्याने सांगितलं होतं, तिला आणखी कुणी. दर पिढीत एका बाईने एका मुलीला सांगायचं, या वाटेवर, ओढा ओलांडल्यावर. पुरुषांना सांगायचं नाही. "त्यांना नाव चालवायचं असतं," आजी म्हणाली होती. लुएलाबाईंना मूल नाही. भावाला एकच मुलगा, हार्लन, आणि तोच स्मारक समितीचा अध्यक्ष.

"आणि आज मी ते कापड ओढायचं," त्या म्हणाल्या. "ती बाई समोर उभी असताना. कापड खाली येणार, ती वाचणार, तुम्ही मारलंत आमच्या पोरीला. आणि मी तिथे हसत फोटो काढून घेणार. सांगावं तर हार्लनचं तोंड डोळ्यांसमोर येतं. नाही सांगावं तर..."

एवढं बोलून त्या उठल्या. पाव खाल्लाच नाही.

त्यांच्यामागून चालताना माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. लुएलाबाईंना मी इतकी वर्षं ओळखते, पण त्या अशा का, हे मी कधी विचारलं नव्हतं. माणसाचा स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं.

शाळेच्या स्वयंपाकघरात मी कामाला लागले तेव्हा त्या तिथल्या प्रमुख होत्या. माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकातलं, तेही मराठी शाळेत शिकलेलं. पहिल्याच दिवशी मला मटाराची खोकी आणायला फ्रीजरच्या खोलीत पाठवलं. मी दार ढकलून आत शिरले, तर आतून किंचाळीच आली.

"कोण आहे? नाव सांग! नाव!"

मी इतकी घाबरले की आडनावासकट बापाचं नाव पण सांगितलं. खोलीच्या कोपऱ्यात लुएलाबाई छातीवर हात ठेवून उभ्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला.

"माझ्या स्वयंपाकघरात कुठल्याही दारातून येताना आधी नाव घ्यायचं," त्या म्हणाल्या. "मोठ्याने. मग पाऊल टाकायचं. समजलं?"

बाकीच्या बायका गालातल्या गालात हसत होत्या. "सवय होईल गं," एकीने मला सांगितलं. "फेन्स्टरमाकर सगळे तसेच. मेल्यावर स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी ओरडतील आणि मग आत जातील."

ते खरं होतं. कुणाच्या पडवीत चढायच्या आधी लुएलाबाई पायरीखालूनच "मी लुएला!" असं ओरडतात. चर्चमध्ये उशीर झाला तर दारातून पुटपुटतात. फलकापाशी वाट वळते तिथे थांबून फेन्स्टरमाकरांनी आपापलं नाव ओरडायचं, ही तर घराण्याची रीतच. गावात त्यावर विनोद आहेत. पोरंटोरं मुद्दाम तिथे जाऊन बोंबलतात. मीसुद्धा दरवर्षी हौसेने ओरडत आले, कुमुद, कुमुद, आणि हसत आले. आज मला त्याची लाज वाटली.

स्वयंपाकघराच्या आधी त्या शर्टांच्या कारखान्यात होत्या, रांगेच्या टोकाला. शिवून आलेला शर्ट उजेडात धरायचा, शिवण तपासायची, खोट दिसली की परत पाठवायचा. तो कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण अजून त्या बोलता बोलता समोरच्याची कॉलर धरून शिवण बघतात. शेगडी बंद आहे ना म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत जातात. पाऊस पडला तर तळघरात पाणी शिरेल म्हणून जाग्या, नाही पडला तर विहीर आटेल म्हणून जाग्या. शाळेत कुठल्या पोराच्या ताटात शेंगदाणा जाता कामा नये, हे त्यांना कागद न बघता ठाऊक असायचं, आणि ती पोरं जेवून वर्गात जाईपर्यंत त्या स्वतः घास घेत नसत.

लग्न का नाही केलंत, असं मी एकदा बटाटे सोलताना विचारलं होतं.

"होता एक. टपाल टाकायचा. चांगला होता, दातही सगळे होते. पण मेला न हाक मारता मागच्या दाराने यायचा. मला दर वेळी धडकी भरायची. लग्न म्हणजे रोजची धडकी. नको म्हटलं."

आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

माझे यजमान गेले तेव्हा या बाई माझ्या दाराशी येऊन "मी लुएला!" म्हणून ओरडल्या, आत आल्या, आणि काही न बोलता कणीक भिजवायला बसल्या. त्यांना पोळी येत नाही. जाड, वाकडे, करपलेले ते गोळे मी चार दिवस खाल्ले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या म्हणाल्या, "माझ्याबरोबर चालायला आता कुणी राहिलेलं नाही. येशील का?" तेव्हापासून मी येते.

फलक ओतून आला त्या दिवशीही मीच त्यांना गाडीतून हार्लनच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले होते. मागच्या आठवड्यातलीच गोष्ट. हार्लन ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आडदांड माणूस, मोठ्याने हसणारा. फलक दोन खोक्यांवर आडवा ठेवला होता, नवाकोरा, रंगाचा वास येत होता.

"ये आत्या, ये. नाव घेतलंस का? नाहीतर कुत्रं सोडेन," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "आणि कुमुद, तुझे लोक येतायत हं शनिवारी. इंडियन."

"तिचे लोक नाहीत ते, गाढवा," लुएलाबाई म्हणाल्या. "आणि हा विनोद तू दरवर्षी करतोस."

"चांगला आहे म्हणून करतो."

लुएलाबाईंनी चष्मा लावला. मग चष्मा काढून बोट लावलं, ओळीवरून ओळीवर. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"हार्लन, हे तू वाचलंस का?"

"त्यात वाचायचं काय? जन्मल्यापासून तेच आहे."

"मग आज वाच. मोठ्याने."

तो शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून वाचायला लागला, नाटकी आवाजात. शेवटच्या ओळीत 'रानटी' शब्दावर आला आणि त्याचा आवाज बसला.

"अरे देवा," तो म्हणाला.

झालं होतं असं की समितीने ओतकामवाल्याला सांगितलं, जुना होता तसाच करा. पाहुण्यांना बोलवायचं चर्चच्या मंडळाने ठरवलं, चांगल्या मनाने. दोन्ही वेळी एकाही माणसाने फलक वाचला नाही. ज्याच्या शेजारून रोज गाडी जाते तो कोण वाचतो?

"बदलायला वेळ नाही," हार्लन डोकं खाजवत म्हणाला. "मी भाषणात माफी मागतो ना. म्हणतो, जुन्या काळचा शब्द आहे, आमच्या मनात तसं नाही. पुढे-मागे त्यावर पट्टी बसवू."

"शब्दाचं नाही रे. ते वाक्यच..."

"वाक्याचं काय?"

लुएलाबाईंनी तोंड उघडलं. मग माझी बाही ओढली. "काही नाही. चल कुमू, शेगडी चालू राहिलीय वाटतं."

शेगडी चालू नव्हती. त्यानंतर रोज सकाळी त्यांचा फोन. "झोपलीस का?" एवढं विचारायच्या, आणि मी काही म्हणायच्या आत ठेवून द्यायच्या. मला वाटलं वय झालं.

रान संपलं आणि आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. इथून फलक मैलभर. लुएलाबाईंची चाल मंद झाली होती. दर विजेच्या खांबापाशी थांबत होत्या.

"न सांगितलं तर काय बिघडतंय, सांग बरं," त्या मला म्हणाल्या, जणू मीच वाद घालत होते. "माझ्यानंतर कुणाला माहीत नसणार. तुला आहे, पण तू काय, बाहेरची. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"तेही खरंच."

"योस्टच्या जिवाला काय वाटलं असेल? तो म्हातारा होऊन मेला. दहा पोरं झाली. एकीचंही नाव अपोलोनिया ठेवलं नाही. मी का त्याला आता उघडं पाडू?"

मी म्हटलं, "देवाला ठाऊकच आहे, लुएलाबाई."

"देवाला आहे गं. देव काही फलक वाचत नाही. ती बाई वाचणार आहे."

तेवढ्यात मागून हार्लनचा पिकअप आला. त्याने काच खाली केली. कोट घातला होता, टाय बांधला होता, आणि घामाने भिजला होता, नोव्हेंबरात.

"आत्या, बस आत. सगळे जमलेत."

"चालत जायचं असतं."

"माहितेय चालत जायचं असतं. पण हवा बघ, तुझा चेहरा बघ. कुमुद, तू तरी सांग हिला."

"पाहुण्या जेवल्या का?" लुएलाबाईंनी विचारलं.

"जेवल्या. डुकराचं मांस, घेवड्याच्या शेंगा, सगळं घेतलं. काकवीचा केक दोनदा घेतला. चांगली बाई आहे. शिक्षिका होती म्हणे. हळू बोलते. मला तिच्यासमोर बोलताना तोंडाला कोरड पडते." त्याने कपाळ पुसलं. "मी त्या शब्दाचं तिला आधीच सांगून टाकलं. म्हटलं, फलकावर एक वाईट शब्द आहे, माफ करा. ती म्हणाली, असे मी पुष्कळ वाचलेत."

लुएलाबाई पिकअपच्या दारापाशी गेल्या आणि खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. मला वाटलं आत बसणार.

"हार्लन, ती गोळी आपली होती."

"कुठली गोळी?"

"अपोलोनियाची. योस्टने झाडली. त्याला वाटलं, तेच आले. आजीने मला सांगितलं, तिला तिच्या आत्याने. आणि नंतर खिंडीपलीकडच्या लोकांना जाळलं ते तिच्या नावाने."

हार्लनने गाडी बंद केली. मग म्हणाला, "कागद आहे काही?"

"नाही."

"मग आजीच्या गोष्टीवर..."

"फलकावरच्या ओळीला तरी कुठला कागद आहे? तीही कुणाच्या तरी आजोबाची गोष्टच."

"माझ्या नातवाचं नाव योस्ट आहे, आत्या." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. एवढ्या मोठ्या माणसाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मीच ठेवायला लावलं. तो तिथे उभा आहे, नवे बूट घालून. आज नको. तुझ्या पाया पडतो. आपण घरी बसून बोलू, सगळे मिळून, नाताळात. आपल्या आपल्यात."

"आपल्या आपल्यात पावणेतीनशे वर्षं बोललो रे."

"पाहुण्यांसमोर घराण्याची अब्रू..."

"घराण्याची अब्रू वाचवायला आपण दुसऱ्यांची घरं जाळली, हार्लन."

रानात कुठेतरी एक बार झाला, आणि या वेळी दोघंही दचकले, आत्या आणि भाचा. एकाच तऱ्हेने दचकले, खांदे वर घेऊन. मला ते बघवलं नाही.

"मी फक्त एवढंच म्हणेन," हार्लन शेवटी म्हणाला, "की तू कापड ओढ. माझं भाषण झालं की मी तुझं नाव घेईन. त्यानंतर तू काय करशील ते मी काही... मी तुझ्या तोंडावर हात ठेवू शकत नाही. पण मला विचारशील तर नको. नको, आत्या." आणि गाडी सुरू करून तो पुढे गेला. वळणापर्यंत त्याचे मागचे ब्रेकचे लाल दिवे दोनदा लागले. थांबावं की जावं, त्यालाही कळत नसावं.

"रागावला," लुएलाबाई म्हणाल्या.

"घाबरला," मी म्हटलं.

"हं. आमच्याकडे ते एकच असतं."

पुढचा रस्ता आम्ही न बोलता चाललो, नियम नसताना. मी रामरक्षा पुन्हा सुरू केली, पण मधेच सारखं विसरायला व्हायला लागलं. शेजारी त्या ओठ हलवत होत्या. त्यांची प्रार्थना असेल, किंवा पुढे म्हणायची वाक्यं असतील. एकदा त्यांचा तोल गेला, मी सावरलं. मी म्हटलं, परत फिरू या का, तुम्हाला बरं नाही असं मी सांगते जाऊन, कुणी वाईट मानणार नाही. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. पाय मात्र पुढेच पडत होते.

वळणावर आलो. समोर मक्याची कापलेली ताटं, त्यांच्या कडेला गर्दी. फलकावर चर्चमधलं पांढरं टेबलक्लॉथ टाकलं होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून दोन बाजूंना कपड्यांचे चिमटे. मायक्रोफोन लावला होता. हार्लन त्याच्यापाशी उभा राहून खिशातले कागद खालीवर करत होता. त्याच्याजवळ नवे बूट घातलेला एक मुलगा. ओळखीची सगळी माणसं गटागटाने, खांद्याला खांदा लावून, थंडीने पाय आपटत उभी. आणि एका बाजूला करड्या कोटातल्या एक बाई, हातात वाफाळता कागदी पेला. त्यांच्याभोवती मोकळी जागा होती. कुणी मुद्दाम ठेवलेली नसेल. मानाची पाहुणी म्हणून लोक अदबीने जरा लांब उभे होते, आणि काय बोलावं हेही कुणाला सुचत नसावं.

इथे थांबून नाव ओरडायचं असतं. लुएलाबाई थांबल्या. घसा खाकरला, आणि मग ओरडल्या, "लुएला फेन्स्टरमाकर!"

लोक वळले, हसले, टाळ्या वाजवल्या, दरवर्षीप्रमाणे. कुणीतरी म्हणालं, "या आत्याबाई, गोळी नाही घालणार!" त्यावर आणखी हशा. हार्लन हसला नाही. त्या करड्या कोटातल्या बाईही हसल्या नाहीत. त्यांनी पेला खाली घेतला आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या आम्हा दोघींकडे बघत राहिल्या.

आता माझी पाळी होती ओरडायची. मी तोंड उघडलं, तर लुएलाबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"तू थांब. आधी ऐक." त्यांचा श्वास लागला होता, पण बोलणं स्वच्छ होतं, स्वयंपाकघरात सकाळची कामं वाटून द्यायच्या तसं. "मी आता पुढे जाते. तू माझ्याबरोबर येऊ नकोस."

"तुम्ही पडाल."

"पडले तर हार्लन आहे उचलायला. तू माझं बघू नकोस. मी बोलले की ही सगळी माणसं आधी माझ्याकडे बघतील आणि मग लगेच मान वळवून तिच्या तोंडाकडे बघतील, ती काय करते म्हणून. एवढे सगळे डोळे. तेव्हा तिने तिथे एकटीने उभं राहायला नको. तू जा, तिच्या शेजारी उभी राहा. तिला काही सांगू नकोस, काही विचारू नकोस. नुसती तिच्या बाजूला उभी राहा, कुमू, माझं बोलून होईपर्यंत. एवढं कर माझ्यासाठी."